स्थानक आणि थांबा : उत्तर स्कॉटलंडमधील एका रेल्वेमार्गाची कथा



 जन्मभर मराठीचे अध्यापन केलेल्या मनुष्याने संतवाङ्मयावर किंवा नवकवितेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते भूगोलाचे शिक्षक होते. शिवाय सार्वजनिक रेल्वेला २०२५ साली दोनशे वर्षे पूर्ण झाली. म्हणून आज मी एका दूरच्या रेल्वेमार्गाविषयी बोलणार आहे. विषय परका वाटेल. पण त्यातला प्रश्न परका नाही, हे पुढे ध्यानात येईल.

आरंभ मात्र मी माझ्या व्यवसायाला साजेसा, एका शब्दापासून करतो. 'स्थानक' हा शब्द 'स्था' म्हणजे उभे राहणे या धातूवरून आला. इंग्रजीतला 'स्टेशन' हा शब्द लॅटिनमधून आला असला तरी त्याच्या मुळाशीही उभे राहण्याच्या अर्थाचा, आपल्या 'स्था'चाच सगोत्र धातू आहे. आता विचारावयाचे ते असे, की स्थानकात उभे राहते ते कोण? गाडी तर घटकाभर थांबते आणि निघून जाते. प्रवासीही जातो. स्थानकात उभा राहतो तो तेथे नेमलेला माणूस. तो ज्या ठिकाणी नाही, त्याला आपल्याकडे 'हॉल्ट' म्हणजे थांबा म्हणतात. स्थानकाचा थांबा होतो तेव्हा नेमके काय घडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

स्कॉटलंडच्या उत्तर भागात इन्व्हर्नेस नावाचे शहर आहे. तेथून निघून ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या जवळजवळ टोकापर्यंत, विक आणि थर्सो या दोन गावांपर्यंत, एकेरी लोहमार्ग जातो. त्याला 'फार नॉर्थ लाइन' म्हणजे अतिउत्तर मार्ग असे म्हणतात. इन्व्हर्नेस ते विक हे अंतर रेल्वेने सुमारे १६१ मैल, म्हणजे २६० किलोमीटरच्या आसपास आहे. मार्ग सरळ नाही. समुद्राच्या खाड्या चुकवीत तो लेअर्गपर्यंत आत शिरतो, गोल्स्पीला पुन्हा किनाऱ्यावर येतो, आणि हेल्म्सडेलपासून पुन्हा किनारा सोडून फोर्सिनार्ड, अल्टनाब्रेक अशा निर्जन दलदलीच्या प्रदेशातून जॉर्जमास येथे पोहोचतो. तेथे त्याचे दोन फाटे होतात. या प्रवासाला आजही चार तासांहून अधिक वेळ लागतो.

हा मार्ग एका दमात झाला नाही. इन्व्हर्नेसहून डिंगवॉलपर्यंत तो १८६२ साली आला. गोल्स्पीला १८६८ साली पोहोचला. त्यापुढचा हेल्म्सडेलपर्यंतचा तुकडा सदरलंडच्या ड्यूकने स्वतःच्या खर्चाने बांधला. आणि २८ जुलै १८७४ रोजी विक व थर्सोपर्यंतचा सर्व मार्ग खुला झाला. ज्या सदरलंड घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेंढपाळीसाठी हजारो कुळांना त्यांच्या वडिलोपार्जित दऱ्यांतून उठविले, त्याच घराण्याने पुढे त्या ओसाड प्रदेशात रेल्वे आणली. म्हणजे माणसे आधी गेली आणि गाडी नंतर आली. या मार्गावरची स्थानके एवढी एकाकी का, याचा उलगडा बराचसा येथे होतो.

एकेरी मार्गावरची मुख्य अडचण कोणती, हे आपल्या भागातील श्रोत्यांना सांगावयास नको. समोरासमोरून दोन गाड्या एकाच रुळावर येता कामा नयेत. १० सप्टेंबर १८७४ रोजी, म्हणजे वर सांगितलेला मार्ग खुला झाल्यानंतर दीड महिन्यातच, इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे तारेच्या संदेशातील घोटाळ्यामुळे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि २५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर एडवर्ड टायर या गृहस्थाने विद्युत् टॅब्लेटची पद्धत तयार केली व १८७८ साली तिचे पेटंट घेतले. दोन लगतच्या स्थानकांत दोन यंत्रे, त्यांत धातूच्या चकत्या, आणि दोन्ही यंत्रे तारेने जोडलेली. एका वेळी दोहोंपैकी एकाच यंत्रातून एकच चकती निघावयाची. ती यंत्रात परत गेल्याशिवाय दुसरी निघावयाची नाही. ज्या चालकाच्या हाती चकती, त्याचाच मार्गावर अधिकार. आपल्याकडे एकेरी मार्गांवर वेताच्या कड्याला अडकवलेल्या पिशवीतून चालकाला जो गोळा देत असत, तो याच तत्त्वावरचा. पुष्कळांनी लहानपणी तो धावत्या इंजिनाकडे फेकला जाताना आणि झेलला जाताना पाहिला असेल.

या पद्धतीचा अर्थ असा, की जेथे जेथे दोन गाड्यांचे क्रॉसिंग व्हावयाचे, तेथे तेथे माणूस हवाच. यंत्र चालवावयास हवा, सांधे बदलावयास हवा, सिग्नल पाडावयास हवा. मागच्या स्थानकाने विचारले तर उत्तर द्यावयासही तोच हवा. त्यामुळे वस्ती असो वा नसो, दर काही मैलांवर एक स्टेशन मास्तर, एकदोन केबिनमॅन, एखादा हमाल आणि रूळ राखणारी टोळी असावयाची. आणि त्यांची कुटुंबे लगतच्या रेल्वेच्या घरांतून राहावयाची. फोर्सिनार्ड व अल्टनाब्रेकसारख्या ठिकाणी तर स्थानक हेच गाव होते. आपल्याकडे कॅसलरॉकपासून कुळेपर्यंतच्या घाटात करंझोळ, सोनाळी, दूधसागर ही स्थानके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या एकांताची कल्पना येईल.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, कारण माझे पुढचे सर्व विवेचन तीवर उभे आहे. त्या माणसाची नेमणूक गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी झाली होती. परंतु एकदा तो तेथे आला की इतर अनेक कामे आपोआप त्याच्याकडे येत. तिकिटे तो देई. मेंढ्यांचे कळप आणि मासळीच्या पेट्या तो चढवून घेई. दूरच्या शेतावरच्या घरी आलेले पार्सल तो सांभाळून ठेवी. बर्फ पडला की फलाट झाडी, प्रतीक्षागृहात शेगडी पेटवी. गाडीला उशीर झाला तर किती झाला हे तो सांगे, आणि आजारी माणूस गाडीत चढावयाचा असेल तर पुढच्या स्थानकाला कळवी. यांतली कित्येक कामे त्याच्या कर्तव्यांच्या यादीत असतील वा नसतील. पण ती होत होती. एका खुंटीवर मुख्य वस्त्र टांगावे आणि मग घरातील सर्वांनी आपापल्या वस्तू तीवरच अडकवाव्यात, असा तो प्रकार होता. पुढे काय झाले, तर मुख्य वस्त्रासाठी दुसरी सोय झाली आणि खुंटी काढून टाकण्यात आली. बाकीच्या वस्तू खाली पडल्या; पण त्या कोणाच्याच हिशेबात नव्हत्या.

हे एकदम घडले नाही. पहिला घाव मोटारीने घातला. रस्ते सुधारले, बसगाड्या आल्या आणि छोट्या स्थानकांचे उत्पन्न घटले. १३ जून १९६० रोजी या मार्गावरची अनेक लहान स्थानके एकदम बंद झाली. डॉर्नॉकला जाणारा १९०२ सालचा छोटा फाटाही त्याच दिवशी मिटला. १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल आला. त्यात इन्व्हर्नेसच्या उत्तरेकडील सर्व मार्ग प्रवाशांसाठी बंद करावेत, अशी शिफारस होती. लोकांनी कडवा विरोध केला आणि १९६४ साली ते मार्ग बचावले. त्यांपैकीच डिंगवॉलहून पश्चिम किनाऱ्यावरील काइल ऑफ लॉखॅल्शला जाणारा मार्ग सत्तरच्या दशकात पुन्हा संकटात सापडला. तो वाचला याचे एक मोठे कारण म्हणजे किशॉर्नच्या खाडीत खनिज तेलाच्या प्रचंड मंचांची बांधणी करण्याचे ठरले आणि रेल्वेची निकड भासली. या कालखंडातील रेल्वे अधिकाऱ्यांपुढे असलेला प्रश्न आपण न्यायाने समजून घेतला पाहिजे. दिवसाकाठी दोनतीन गाड्या, आणि त्यांच्यासाठी मैलोगणती तारा, डझनावारी केबिनी, पाळ्यांनी काम करणारी माणसे. हा खर्च फार काळ निभणारा नव्हता.

निर्णायक धक्का निसर्गाने दिला. १९७८ च्या जानेवारीत भयंकर हिमवादळ झाले. फोर्सिनार्डजवळ गाडी बर्फात रुतली; प्रवाशांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. रुळांच्या कडेच्या तारांचे खांब मैलोन्‌मैल कोसळले. या तारांवरच टॅब्लेटची यंत्रे चालत होती. त्या पुन्हा उभारण्याऐवजी स्थानकास्थानकांतील संबंध रेडिओने जोडावा, असा विचार पुढे आला. आणि त्या विचारातूनच पुढे एक संपूर्ण नवी पद्धत निघाली. तिला रेडिओ-इलेक्ट्रॉनिक टोकन पद्धत म्हणतात. १९८४ साली ती काइलच्या मार्गावर आली, १९८५ साली विक-थर्सोच्या मार्गावर, आणि १९८७-८८ मध्ये ग्लासगोहून फोर्ट विल्यम व मालेगला जाणाऱ्या वेस्ट हायलंड मार्गावर. त्या मार्गाचे नियंत्रण फोर्ट विल्यमजवळच्या बॅनव्ही येथील एका इमारतीतून होऊ लागले.

ही पद्धत मोठी चातुर्याची आहे. चालक लूपवर गाडी थांबवितो आणि दूरच्या नियंत्रकाशी रेडिओवर बोलतो. आपण कोठे आहोत आणि कोणत्या टप्प्यासाठी टोकन हवे, हे तो सांगतो. नियंत्रकापुढचा संगणक तो टप्पा मोकळा असल्याची खात्री करतो. मग दोघांनी ठरल्याप्रमाणे आपापली बटणे दाबली की चालकाच्या पुढ्यातील पडद्यावर त्या टप्प्याचे नाव उमटते. हेच टोकन. चालक ते मोठ्याने वाचून दाखवितो, नियंत्रक पडताळून पाहतो आणि गाडी निघते. हे टोकन परत केल्याशिवाय संगणक त्या टप्प्याचे दुसरे टोकन कोणालाही देत नाही. लूपच्या टोकाशी सांधा बदलावयासही माणूस नको. बाहेर पडणाऱ्या गाडीची चाके तो बाजूला सारतात आणि ती गेल्यावर यंत्रणा त्याला पुन्हा मूळ जागी आणून बसविते. भाषेच्या अभ्यासकाला यात एक गंमत दिसते. पूर्वी जी वस्तू हातातून हातात जात होती, तिच्याऐवजी आता शब्द जाऊ लागला. आणि तो उच्चारून, उलट म्हणवून, पक्का करून घेण्याची रीत तर आपल्या पाठांतराच्या परंपरेसारखीच आहे.

मात्र या शब्दांची देवघेव ज्या दोघांत होते, त्यांपैकी कोणीही स्थानकावरचा नाही. एक गाडीत बसलेला, दुसरा कित्येक मैल दूर. जी जागा मध्ये होती ती रिकामी झाली. केबिनी बंद झाल्या, सिग्नलचे खांब उतरविले गेले, तिकीट गार्ड गाडीतच देऊ लागला. इंजिन आणि डबे यांच्या जागी १९९० च्या आसपास दोनतीन डब्यांच्या हलक्या डिझेल गाड्या आल्या. अनेक स्थानके 'विनंती थांबे' झाली : गाडी हवी असेल तर प्रवाशाने फलाटावर उभे राहून हात दाखवावा, उतरावयाचे असेल तर गार्डला आधी सांगावे.

या बदलाविरुद्ध नुसता शोक करणे मला मान्य नाही. वस्तुस्थिती अशी आहे, की ही पद्धत आली नसती तर हे मार्ग आज कितपत उरले असते याची शंका आहे. ७ फेब्रुवारी १८८९ नव्हे, अगदी अलीकडे, १९८९ साली त्याच तारखेला इन्व्हर्नेसजवळचा नेस नदीवरचा जुना दगडी रेल्वेपूल महापुरात वाहून गेला आणि उत्तरेकडील सर्व मार्ग देशाच्या उर्वरित रेल्वेपासून तुटले. मार्ग बंद करावयास याहून सोयीचे निमित्त मिळाले नसते. तरीही नवा पूल बांधण्यात आला आणि १९९० साली गाड्या पुन्हा सुरू झाल्या. चालविण्याचा खर्च आवाक्यात आलेला होता, ही गोष्ट त्या वेळी मार्गाच्या बाजूने होती असे मानावयास जागा आहे. तेव्हा माणूस गेला म्हणून रूळ राहिले, असे म्हणणे भाग आहे. हा सौदा वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु सौद्यात आपण काय दिले, याची नोंद तरी असावी.

ती नोंद कोठे सापडते? तीन ठिकाणी पाहू.

पहिले ठिकाण म्हणजे रस्ता जेथे रूळ ओलांडतो ते. २९ सप्टेंबर २००९ रोजी हॅल्कर्क येथे, जेथे फक्त दिवे होते आणि आडवा दांडा नव्हता अशा स्वयंचलित क्रॉसिंगवर, गाडीने मोटारीला धडक दिली आणि मोटारीतील तिघे मरण पावले. पुढे अशा क्रॉसिंगांवर दांडे बसविण्यात आले. फाटकवाला असता तर हे टळले असते, असे विधान मी करणार नाही. फाटकवाल्यांच्या काळातही अपघात होतच होते. पण जेथे इशारा देण्याचे काम सर्वस्वी दिव्यांकडे जाते, तेथे उरलेले सगळे ओझे त्या क्षणी तेथून जाणाऱ्या सामान्य माणसाच्या अवधानावर येऊन पडते, एवढे मात्र खरे.

दुसरे ठिकाण विनंती थांब्याचे. तिन्हीसांजेच्या धूसर प्रकाशात, पावसात, फलाटावर उभा असलेला एकटा माणूस चालकाला दिसणार कसा? म्हणून प्रत्येक थांब्याशी, कोणी असो वा नसो, गाडीला वेग कमी करावा लागे. २०२२ पासून यावर उपाय निघाला. स्कॉट्सकॅल्डर येथे प्रथम आणि नंतर इतरत्र, फलाटावर बटण असलेली एक पेटी बसविण्यात आली. प्रवाशाने बटण दाबले की चालकाला निरोप पोहोचतो. उपाय उत्तम आहे. पण पहा, 'आज येथे एक प्रवासी आहे' हे पुढे कळविणे, हे त्या जुन्या हमालाचे अगदी किरकोळ काम होते. ते काम नाहीसे झाल्यावर सुमारे चाळीस वर्षांनी त्यासाठी स्वतंत्र यंत्र शोधून काढावे लागले. खुंटीवरून पडलेल्या वस्तूंपैकी ही एक कोणीतरी उचलून ठेवली. बाकीच्या किती पडून आहेत, याची मोजदाद कोण करणार?

तिसरे ठिकाण रिकाम्या इमारतींचे, आणि येथे कथेला थोडे आशादायक वळण लागते. फोर्सिनार्ड स्थानकाच्या इमारतीत पक्षिसंरक्षण संस्थेचे माहितीकेंद्र झाले. भोवतालच्या ज्या दलदलीला पूर्वी कोणी किंमत देत नव्हते, त्या 'फ्लो कंट्री'ला २०२४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रोगार्टला जुन्या डब्यांतून प्रवाशांच्या मुक्कामाची सोय झाली. वेस्ट हायलंड मार्गावर ग्लेनफिनन येथे स्थानकातच रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. १९९४ साली या उत्तरमार्गाच्या हितचिंतकांनी आपली संघटना स्थापन केली. २००५ पासून रेल्वेने स्थानके 'दत्तक' देण्याची योजना सुरू केली. गावकरी फलाटावर फुलझाडे लावतात, खोल्यांत छोटी दुकाने किंवा वाचनाच्या जागा चालवितात. १९६० साली बंद झालेले ब्यूली हे स्थानक २००२ साली पुन्हा उघडले. त्याचा फलाट इतका आखूड, की गाडीचे एकच दार तेथे उघडते. तरी लोक त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर करू लागले. लोकांना स्थानक हवे होते, हे यावरून सिद्ध झाले.

परंतु स्वयंसेवक आणि सेवक यांत एक भेद आहे. स्वयंसेवक येतो तो प्रेमाने. म्हणून त्याचे काम सुंदर असते. सेवक येतो तो बांधिलकीने. म्हणून हिमवादळाच्या रात्रीही तो असतो. बाग फुललेली आहे आणि रात्री नऊच्या गाडीला उशीर झाला तर विचारावयास कोणी नाही, अशी स्थिती पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतल्यावर येते. ममतेने मोडलेले पुष्कळ जोडता येते, परंतु जबाबदारी ही नेमणुकीनेच येते.

स्कॉटलंडमध्ये २००५ साली गेलिक भाषेसाठी कायदा झाला आणि त्यानंतर स्थानकांच्या फलकांवर इंग्रजीच्या जोडीला गेलिक नावे अधिकाधिक दिसू लागली. नामफलकांचे मोल आपल्या या सीमाभागात कोणाला समजावून सांगावयास नको. मला त्या फलकांचा आनंद आहे. पण मनात येते, की पश्चिमेकडच्या मार्गांवर जेव्हा फलकावर ती भाषा नव्हती, तेव्हा ती बोलणारा मनुष्य फलाटावर भेटण्याची शक्यता होती. आता फलकावर ती आहे आणि फलाटावर कोणीच नाही. भाषा फलकाने दिसते, पण जगते ती एकाने विचारावे आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे यानेच. हा विचार आपणही आपल्यापुरता करून पहावा.

आणि आता शाळेकडे येतो. शाळा हेही एक स्थानक आहे. गाड्या येतात, थांबतात, जातात. आपण सर्व माजी विद्यार्थी त्या गाड्यांतून गेलेले लोक. येथे जे उभे राहिले ते शिक्षक, कारकून, शिपाई. पटसंख्या घटते, पदे रिक्त राहतात, वर्ग एकत्र केले जातात. त्यांतले काही अपरिहार्य असेल. यंत्राने शिकविता येईल तेवढे यंत्राने शिकवावे, त्याला माझा विरोध नाही. फक्त एखादे पद कमी करण्यापूर्वी त्या माणसाची कागदावरची कामे कोणती, एवढेच विचारून थांबू नये. त्याच्या असण्यावर आणखी काय काय टांगलेले आहे, हेही विचारावे. ताप आलेल्या मुलाला घरी कोण पोहोचविते? चार दिवस न आलेल्या मुलीची चौकशी कोण करते? ज्या घरात मराठी वाचणारे कोणी उरले नाही, त्या घरचे पत्र कोण वाचून दाखविते? या कामांना हिशेबाच्या वहीत रकाना नाही, आणि म्हणून ती सर्वांत आधी बुडतात.

ज्यांच्या नावाने आपण येथे जमलो, त्या गुरुजींनी अनेक वर्षे या एका ठिकाणी उभे राहून काम केले. त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान ठेवणे योग्यच. पण त्यांच्या जागी कोणीतरी उभे आहे ना, याची काळजी वाहणे हे त्याहून मोठे स्मारक होईल. व्यवस्थापन मंडळाने आणि माजी विद्यार्थ्यांनी ती वाहावी, एवढी विनंती करतो.